परतीचा ब्रेड

या मित्रांनो, बसा. जवळ बसा, पण अगदी खेटून नको. माझ्या अंगाला अजून थोडा वास येतो, आणि तो तुमच्या कपड्यांना लागावा असं मला वाटत नाही. आज तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट गोड नाही हे आधीच सांगतो. ऐकताना कुणाला मळमळलं, तर त्याने खुशाल उठून घोटभर पाणी पिऊन यावं. मी थांबेन. थांबणं हेच तर माझं काम.

मी एक जुना निळा क्रेट आहे. तापलेल्या प्लास्टिकचा लगदा साच्यात दाबला गेला आणि मी जन्माला आलो. जाळीच्या चार भिंती, जाळीचा तळ आणि उचलायला दोन बाजूंना दोन कान. माझ्याबरोबर माझी भावंडंही जन्मली, सगळी एकसारखी निळी. आम्हाला एकात एक घालून एका बेकरीच्या दारात उतरवलं, आणि पहिल्याच सकाळी माझ्या अंगावर ताजा ब्रेड ठेवला गेला. भट्टीची ऊब अजून त्याच्या पोटात होती. मित्रांनो, ते सुख मी कसं सांगू? झोपेतून उठलेलं लेकरू मांडीत घेतल्यासारखं वाटलं. त्या दिवशी मी मनात म्हटलं, देवाने मला काय भाग्य दिलं! दगड वाहणारे क्रेट असतात, बाटल्या वाहणारे असतात. मला मात्र घास वाहायला मिळाला.

बेकरी मोठी नव्हती. पुढे काउंटर, आत भट्टी आणि लांबलचक टेबल, मागे फरशीचं अंगण आणि अंगणात नळ. या सगळ्यावर राज्य होतं मोठ्याबाईंचं. यजमान गेल्यावर त्यांनी बेकरी एकटीने चालवली, लेक मोठी केली आणि दोन गल्ल्या सोडून एका घरात दिली. बाई देवभोळ्या. आवाज असा गोड, की त्या गायला लागल्या की पीठ मळणाऱ्यांचे हातही तालावर चालत. आम्हा क्रेटांवर त्यांचा फार जीव. आल्यागेल्याला सांगायच्या, "माझे निळे बैल आहेत हे. तक्रार नाही, कुरकुर नाही." मी फुगून जायचो.

आता एक गंमत ऐका. ब्रेडच्या पिशवीचं तोंड बंद करायला एक चपटी, पातळ प्लास्टिकची क्लिप असते ना, ती आमच्याकडे रोज वेगळ्या रंगाची असायची. सोमवारची पांढरी, मंगळवारची हिरवी, गुरुवारची निळी, असं आठवडाभर चालायचं. त्यामुळे दुकानदाराला लांबूनच कळायचं, कुठला ब्रेड शिळा झाला आणि कुठला अजून चालतो. शिळा झालेला ब्रेड टेम्पोवाले मामा माझ्यात भरून परत आणायचे. जाताना ताजा, येताना शिळा. माझं अर्धं आयुष्य सुगंधात गेलं आणि अर्धं दुर्गंधात.

त्या परतीच्या ब्रेडबद्दल आता बोललंच पाहिजे.

पिशवीच्या आत घाम धरलेला असायचा. कुठे कोपऱ्यावर हिरवी लव, कुठे काळे ठिपके. कुठे मुंग्यांनी आतून बोगदा केलेला. कधी गिऱ्हाईकाने उघडून, दोन स्लाइस खाऊन, "वास येतोय" म्हणून परत केलेलं पाकीट, त्यात कुणाच्या बोटांचे तेलकट ठसे. एकदा तर एका स्लाइसवर दातांचा अख्खा चंद्र उमटलेला होता! फाटक्या पिशव्यांतून आंबूस, चिकट पाणी माझ्या जाळीतून खाली ठिबकायचं. मला शिसारी यायची. पण क्रेटाला नाक मुरडता येत नाही, मित्रांनो. त्याला नुसतं असावं लागतं.

तुम्हाला वाटेल, हा ब्रेड कचऱ्यात जात असेल. नाही. मोठ्याबाईंच्या बेकरीत एक स्लाइससुद्धा टाकायची नाही, असा नेम होता. संध्याकाळी त्या अंगणात पाटावर बसायच्या, शेजारी परतीची मावशी, म्हणजे परत आलेलं सगळं आवरणारी बाई. दोघी मिळून पिशव्या उघडायच्या. बुरशीचा कोपरा सुरीने उडवायचा, बाकीचा ब्रेड ढिगात टाकायचा. तो ढीग पत्र्यांवर पसरून भट्टीच्या उरलेल्या उबेत वाळवायचा, दळायचा, आणि तो चुरा पुढच्या ब्राऊन ब्रेडच्या पिठात घालायचा. ब्राऊन ब्रेडमध्ये का? कारण तपकिरी रंग पोटात काहीही घेतो आणि चेहऱ्यावर दिसू देत नाही.

बाईंच्या मनात मात्र कपट नव्हतं. त्यांच्या लेखी ही सेवा होती. डोळे मिटून, स्वतःच रचलेलं गाणं म्हणत त्या पिशव्या उघडत राहायच्या:

"कण नको सांडू, कणात तो बसे,
टाकलेला घास देवाला दिसे."

ऐकणाऱ्याचे डोळे भरून यायचे. माझे डोळे मात्र त्या ढिगावर असायचे. खरं सांगतो, एवढं सुंदर गाणं आणि त्याच्या पायाशी एवढी घाण, हे मला कधी जुळलं नाही.

आणि मग एका सकाळी विहीणबाई आल्या.

विहीणबाई म्हणजे मोठ्याबाईंच्या लेकीची सासू. उंच, सडसडीत, आणि जीभ अशी की लिंबालासुद्धा आंबट वाटावं. त्यांच्या हातात रुमालाची पुरचुंडी होती. काउंटरवर ती सोडून त्या म्हणाल्या, "हे काय आहे, ते तुम्हीच सांगा."

रुमालात एक निळी कपची होती. नखाच्या टोकाएवढी, पण टोकदार.

"कुठून आणलंत हे?" मोठ्याबाईंनी विचारलं.

"आणलं नाही, मिळालं. नातीच्या वाटीत. दुधात तुमचा कालचा ब्राऊन ब्रेड कुस्करत होते, बोटाला टोचलं."

नात म्हणजे दोघींचीही नात, बरं का. जेमतेम वर्षाची. दोन दात आलेले, आणि दिलं ते न चावता गिळायची. तिचा रोजचा ब्रेड आजीच्या बेकरीतून, माझ्याच अंगावरून जायचा.

मोठ्याबाईंचा चेहरा उतरला, पण विहीण समोर उभी! लगेच हार कोण मानणार? "तुमच्याच घरातलं असेल काहीतरी. खेळणं-बिळणं."

"खेळणी आहेत आमच्याकडे. पण ती आम्ही ब्रेडमध्ये घालून भाजत नाही."

"लेक दिली त्या दिवसापासून खोट शोधताय आमच्यात."

"शोधावी कुठे लागते? आपणहून टोचते." एवढं बोलून विहीणबाई थांबल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "चेष्टा नाही करत हो. माझं बोट नसतं, तर हे पोरीच्या घशात गेलं असतं."

दुपारपर्यंत आणखी दोन दुकानांतून तसाच निरोप आला. निळं काहीतरी निघालं, निळं काहीतरी टोचलं. संध्याकाळी अन्न तपासणीचे साहेब आले. त्यांनी कपची उजेडात धरून पाहिली आणि सांगितलं, "मंगळवारचा सगळा ब्राऊन ब्रेड बाजारातून परत मागवा. लोकांना कळवा. आला की नष्ट करा."

"साहेब," मोठ्याबाई म्हणाल्या, "नष्ट हा शब्द अन्नाला लावत नाहीत."

"मग कुठला लावतात?" साहेब म्हणाले, आणि पुढच्या बेकरीकडे निघून गेले.

आता प्रश्न होता, निळं आलं कुठून? बेकरीत निळं काय आहे? सगळ्यांच्या नजरा फिरल्या आणि आमच्यावर येऊन थांबल्या. माझा एक कान तुटका होता. एकदा टेम्पोतून पडलो होतो. मामांनी ती कपची माझ्या तुटक्या कानाला लावून पाहिली. जुळली नाही. माझं प्लास्टिक जाड, ती पातळ. पण दोषी हवा असला की जुळवाजुळव करायला कितीसा वेळ लागतो?

"हेच ते," मोठ्याबाई म्हणाल्या. "झिजलेत. मोडून टाका सगळे निळे क्रेट."

माझे निळे बैल म्हणणाऱ्या त्याच बाई! माझ्या भावंडांना त्याच दिवशी हातोड्याने फोडलं. मी आणि आणखी थोडे वाचलो, ते एवढ्याचसाठी की परतीचा ब्रेड आणायला काहीतरी हवं होतं. फाशीच्या कैद्याकडून आधी अंगण झाडून घ्यावं, तसं.

मामा गल्लोगल्ली फिरले. दुकानदारांनी पाकिटं आणून आपटली. काही माणसं घरातून अर्धी खाल्लेली पाकिटं घेऊन आली. एका बाईने बोटाच्या चिमटीत पाकीट धरून, तोंड फिरवून ते माझ्यात टाकलं, मेलेला उंदीर टाकावा तसं. जो ब्रेड लोक हुंगून घेत, त्याच्याकडे आता कुणी बघेना.

सगळा माल अंगणात येऊन पडला. ऊन कडक होतं. दुसऱ्या दिवशी पिशव्या आतून धुकट झाल्या, तिसऱ्या दिवशी फुगल्या. तळाची पाकिटं वजनाने फुटली आणि त्यांतून करडा, चिकट लगदा वाहू लागला. माश्यांचा असा गुणगुणाट, की भट्टीपर्यंत ऐकू यावा. आंबट, कुबट, गोडसर वास. त्यातला तो गोडसर भाग सर्वांत किळसवाणा. सडण्याने अंगाला अत्तर लावलंय, असं वाटायचं. आणि मी त्या ढिगाच्या अगदी खाली! मित्रांनो, माझ्या जाळीच्या प्रत्येक भोकातून तो लगदा अळीसारखा हळूहळू बाहेर येत होता. मला त्या ब्रेडची किळस आली. त्याहून जास्त किळस आली एका विचाराची: रोज संध्याकाळी थोडाथोडा करून हेच आपण लोकांना परत खाऊ घालत होतो की काय?

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठ्याबाई पाट घेऊन अंगणात आल्या.

मामा दचकले. "बाई, हे काय? साहेबांनी नष्ट करायला सांगितलंय."

"खराब तेवढं काढू. बाकीचं वाळवू. दोष क्रेटचा होता, ब्रेडने काय केलं? या वेळी दळल्यावर चाळूनही घेऊ." त्या पाटावर बसल्या. "इतकं अन्न मी मातीत घालू? वर गेल्यावर काय तोंड दाखवू?"

परतीची मावशी सुरी घेऊन उभीच राहिली. बसेना. मामा पुटपुटले, "म्हणजे उद्याच्या ब्रेडमध्ये पुन्हा..." आणि तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला:

"पुन्हा! आणि परवा पुन्हा माझ्या, म्हणजे आपल्या नातीच्या वाटीत."

विहीणबाई! पदराने नाक दाबलं होतं, पण त्या तशाच चालत अंगणात आल्या. रिकामं पिठाचं पिंप उपडं करून मोठ्याबाईंच्या समोर बसल्या. "चालू द्या. तुम्ही पाखडा तुमचं पुण्य, मी बघते बसून."

"बघा की. माझ्या हातात काही लपलेलं नाही."

मोठ्याबाईंनी डोळे मिटले. गाणं सुरू केलं. पहिली पिशवी, दुसरी पिशवी. बाईंची बोटं संधिवाताने वाकलेली. क्लिप अलगद सरकवून काढायची असते, ते त्यांना जमायचं नाही. त्या अंगठ्याने दाबून ती कचकन मोडायच्या. अर्धी हातात राहायची, अर्धी...

टक्.

एक हिरवी कपची उडाली आणि ढिगात दिसेनाशी झाली. मोठ्याबाईंना कळलंही नाही. डोळे मिटलेले, ओठांवर देवाचं नाव, हात पुढच्या पिशवीवर.

विहीणबाईंनी नाकावरचा पदर सोडला, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात त्या लगद्यात घातला. उमासा आला, तो गिळला. मान फिरवली, पुन्हा हात घातला. चिवडत राहिल्या, चिवडत राहिल्या. आणि मग ती कपची दोन बोटांत धरून वर काढली. नळाखाली धुतली. कमरेच्या रुमालातून, त्या दिवशी परत नेलेली ती पहिली निळी कपची काढली. दोन्ही शेजारी शेजारी तळहातावर ठेवल्या.

"अहो, डोळे उघडा."

मोठ्याबाईंनी डोळे उघडले. एक हिरवी, एक निळी. रंग सोडला तर जुळ्या बहिणी. तोच पातळपणा, तीच चकाकी, मोडलेल्या कडेची तीच धार.

"निळी कुठल्या वाराची?" विहीणबाईंनी विचारलं.

उत्तर परतीच्या मावशीने दिलं, खाली बघत. "गुरुवारची."

"म्हणजे गुरुवारचा शिळा ब्रेड मंगळवारच्या ताज्या ब्रेडच्या पोटात. आणि त्याच्या पोटात ही."

मोठ्याबाई मावशीकडे वळल्या. "तुला ठाऊक होतं?"

"क्लिप मोडते, एखादी उडते, हे दिसायचं बाई. दिसली की मी वेचायचे. सगळ्या थोड्याच दिसतात?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही गात असता. देवाचं नाव चाललेलं असताना मध्ये कोण बोलणार?"

मित्रांनो, या वाक्यानंतर मोठ्याबाईंनी आपल्या हातांकडे पाहिलं. मला वाटतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. बोटांच्या बेचक्यांत करडा लगदा. नखांत हिरवी बुरशी. मनगटावर एक माशी, ती हाकलावी इतकीही ताकद नाही. त्यांनी ढिगाकडे पाहिलं, आणि त्यांना तो दिसला. देवाचा कण म्हणून नाही, जसा होता तसा दिसला. त्या कशाबशा उठल्या, नळापर्यंत गेल्या आणि भडभडून ओकल्या.

कपाळ कुणी धरलं असेल? विहीणबाईंनी. ओकणाऱ्या माणसाचं कपाळ आईने धरावं, तसं घट्ट धरून त्या उभ्या राहिल्या.

श्वास सावरल्यावर मोठ्याबाई म्हणाल्या, "पोरीने आजवर किती खाल्लं असेल हो हे?"

"तो हिशेब देवावर सोडा. उद्याचं आपल्या हातात आहे."

मोठ्याबाईंनी तोंड धुतलं. मोरीतून फिनाइलचा कॅन आणला. मामा पुढे झाले, "द्या, मी ओततो."

"नको. ज्याचं पाप त्यानेच टाकावं." ढिगासमोर त्या हात जोडून उभ्या राहिल्या. "देवा, हे अन्न होतं. याचं अन्नपण मीच घालवलं. आता हे तुझं नाव सांगून कुणाच्या ताटात वाढणार नाही." आणि त्यांनी फिनाइल ओतलं. कुत्र्याने तोंड लावू नये, कचरा वेचणाऱ्याने भुकेपोटी उचलू नये, म्हणून कोपरान् कोपरा भिजवला. मग आत जाऊन वाळवलेला चुरा आणला, गोण्याच्या गोण्या, आणि तोही त्यात रिकामा केला. ज्या बाईने उभ्या जन्मात कण सांडला नव्हता, ती ढीगभर ब्रेडवर विष ओतत होती आणि रडत होती. विहीणबाई एकेक पिशवी फाडून पुढे करत होत्या.

दुसऱ्या सकाळी मोठ्याबाई मामांच्या शेजारी टेम्पोत बसल्या आणि दुकानोदुकानी गेल्या. प्रत्येकाला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, काय झालं आणि कसं झालं. एका दुकानदाराने प्रेमाने सुचवलं, "क्रेट मोडका होता म्हणा ना, बाई. लोक विसरून जातात. शिळा ब्रेड दळत होतो म्हणालात, तर कोण घेईल तुमचा माल?"

"क्रेटचा दोष नव्हता," बाई म्हणाल्या. "माझा होता."

मी मागे रिकामाच होतो. तरी मला वाटलं, माझ्या अंगावर कुणीतरी पुन्हा ऊब ठेवली.

निम्मी गिऱ्हाइकं तुटली, ती परत आली नाहीत. बेकरीतले दोन कारागीर कमी झाले. लोक मागून नाक मुरडत. मोठ्याबाईंनी ते सोसलं. मात्र त्यानंतर त्या घराघरांतून, दुकानादुकानांतून विचारून मोजकाच ब्रेड भाजू लागल्या. संध्याकाळी कुणी उशिरा आलं की हसून सांगायच्या, "संपला. उद्या या." अन्न वाया घालवायचं नसेल तर उष्टं-शिळं लपवून खपवायचं नसतं, बेताने रांधायचं असतं. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला केवढी घाण चिवडावी लागली! गाणं त्यांनी सोडलं नाही. फक्त काम आटोपून, हात धुऊन मग गायच्या. आणि विहीणबाई समोर बसून म्हणायच्या, "सूर बरा आहे. ब्रेडही आता बरा आहे."

मित्रांनो, मोठ्याबाई आता नाहीत. मी अजून अंगणात आहे, कारण फुटका असलो तरी मला कुणी टाकलं नाही. माझं तुमच्याकडे थोडंसंच मागणं आहे. पाकीट उघडताना क्लिप सावकाश काढा आणि सांभाळून ठेवा. घासात काही टोचलं, तर भिडेपोटी गिळू नका. दाखवा, मग समोर कुणी कितीही मोठं असो आणि कितीही गोड गात असो. आपल्या हातून चूक झाली असेल, तर गरीब मुक्या क्रेटावर ढकलू नका.

आणि ताजा ब्रेड तोंडात घालाल, तेव्हा त्या मोठ्याबाईंची क्षणभर आठवण ठेवा. त्यांच्या ब्रेडमध्ये प्लास्टिक निघालं, हे सारं गाव सांगेल. डोळे उघडल्यावर त्यांनी ते पुन्हा मिटले नाहीत, एवढं तुम्ही सांगा.